न चोरलेली ट्यूब

माझ्या दुकानात एक जुनी पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'या टायरमध्ये मुळातच ट्यूब नसते. कृपया आमच्यावर संशय घेऊ नये.' पाटी मीच रंगवलेली आहे, त्यामुळं अक्षरं शेवटाकडं दाटीवाटीनं बसलीत. हल्लीची पोरं मोठमोठ्या गाड्यांतून उतरतात, पाटी वाचतात, हसतात आणि मोबाईलवर फोटो काढतात. माझा मुलगा म्हणतो, "बाबा, काढून टाका ना ती. आता ट्यूबलेस टायर कुणाला माहीत नाही?" दुकान त्याचं आहे, मशीन त्याचं आहे, मी फक्त खुर्चीत बसून सूचना करतो आणि त्या कुणी ऐकत नाही. पण पाटीला मी हात लावू दिलेला नाही. या अंकाच्या संपादकांची गाडी गेल्या उन्हाळ्यात पंक्चर झाली, त्यांनीही पाटी वाचली आणि म्हणाले, "हिच्यामागं काहीतरी असणार, लिहा." आहे, म्हणून लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढं अडखळायला नको. चाक म्हणजे लोखंडी रिम आणि तिच्यावर चढवलेला टायर. पूर्वी टायरच्या पोटात ट्यूब असायची. हवा ट्यूबमध्ये राहायची, टायर नुसता वरचा अंगरखा. ट्यूबलेस टायरात ती पोटातली ट्यूबच नाही. टायरच्या दोन्ही कडा रिमला इतक्या घट्ट बसतात की त्यांच्यामधल्या पोकळीतच हवा कोंडून राहते. हवा भरायचा वॉल्व्ह ट्यूबला नसतो, थेट रिमच्या भोकात रबरानं बसवलेला असतो. म्हणजे सगळा खेळ त्या दोन कडांचा. रिम गंजलेली, चेपलेली असली किंवा टायरच्या कडेला ओरखडा असला, तर हवा गुपचूप निघून जाते. हे मी आज दोन मिनिटांत सांगितलं. मला ते शिकायला एक आख्खा दिवस लागला आणि त्या दिवशी मी चोर ठरलो होतो.

ते बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. वर्षभर मी आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. त्यानंतर धाराशिवातल्या एका सहकारी वाहतूक सोसायटीच्या वर्कशॉपात मला टायर खोलायचं काम मिळालं. सोसायटीचं नाव सांगत नाही, ती आता उरलेली नाही आणि तिच्यामागं बोलणं बरं नाही. तिचे ट्रक लांबून धान्य आणि कडबा आणायचे, शेजारीच कडब्याचा डेपो होता. उन्हानं टायर असे तापायचे की दिवसाला दहा-बारा पंक्चर यायचे. माझ्या वयाची माणसं तेव्हा पाण्यासाठी रडत होती. मला मात्र हाताला काम होतं आणि मी शीळ वाजवत टायर खोलायचो.

मला धंदा शिकवला रज्जाकचाचांनी. साठीचे, बारीक, पांढऱ्या दाढीला कायम काळं बोट लागलेलं. टायरवर नुसती थाप मारून आतली हवा सांगायचे. माझं एकच त्यांना पटायचं नाही. माझा राग नाकावर. एखादा टायर निघेना की मी टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, अशी खुपसायचो की चाचा ओरडायचे, "अरे, टायर खोल रा के जंग लड रा? हल्लू!"

एका शुक्रवारी भर दुपारी चाचा नमाजाला गेलेले असताना फाटकातून एक गाडी आत आली. तशी गाडी मी त्याआधी पाहिलेली नव्हती. परदेशी बनावटीची, उंच, चारही चाकं ओढणारी. कुठल्याशा संस्थेनं गावोगाव बोअर पाडायला मशीन आणलं होतं, त्या मशीनच्या पुढं-मागं ही गाडी सामान घेऊन फिरायची. ड्रायव्हर बाजीराव आमच्याच जिल्ह्यातला, अंगानं आडवा, मिशी भरगच्च. ट्रक सोडून आठच दिवस झाले होते त्याला या गाडीवर येऊन, आणि ऐट मात्र अशी की गाडी यानंच समुद्रापलीकडून आणली असावी.

"डावं मागलं बसायलंय," तो म्हणाला. "काटा असंल. म्या भाकरी खाऊन येतो, तवर काढून ठिव. मला अणदूरच्या पल्याड जायचंय. तिकडं मशीन बंद पडलंय, त्याचं बिट माझ्या गाडीत हाय."

बिट म्हणजे बोअरच्या मशीनच्या टोकाला लागणारं जड पोलाद, जे खडक फोडतं. गाडीच्या मागच्या दाराला स्टेपनी साखळीनं बांधून कुलूप घातलेली होती. ती का लावत नाही, असं मी विचारलं नाही. पुढं रस्ता नसेल तर शहाणा ड्रायव्हर स्टेपनी जपून ठेवतो.

तो गेला. मी चाक काढलं, काटा सापडला, हवा सोडली आणि टायर खोलायला घेतला. कड काही केल्या रिमवरून सुटेना. घण मारला, टॉमी घातली, घामाघूम झालो. शेवटी कड सुटली. ट्यूब ओढून काढायला आत हात घातला, तर हाताला नुसता टायर लागला. परत चाचपलं. मग डोकं घालून बघितलं. ट्यूब नव्हती. रिमच्या भोकात वॉल्व्ह तेवढा उभा होता, रबराच्या बुडासकट. कुणीतरी ट्यूब ब्लेडनं कापून नेलीय आणि वॉल्व्ह तेवढा ठेवलाय, असंच ते दिसत होतं. माझ्याही डोक्यात पहिल्यांदा हेच आलं. वर्कशॉपात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी मी उठून टायराखाली, जॅकमागं, स्वतःच्या मागं, सगळीकडं बघून घेतलं.

तेवढ्यात बाजीराव मिशा पुसत आला.

"झालं का रं?"

"ट्यूब कुठाय?" मी विचारलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत महागात पडलेला प्रश्न.

"ट्यूब कुठाय म्हंजी? मला इचारतूस व्हय?"

"ह्यात न्हवतीच."

बाजीरावनं टायरात वाकून बघितलं, वॉल्व्ह बघितला आणि त्याचा आवाज चढला. "ट्यूब न्हवती तर गाडी हितवर आली कशी? हवा कशात हुती मग? का म्या पटक्यात बांधून आणली?"

आजही मला वाटतं, त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

आरडाओरडा ऐकून मॅनेजर साहेब ऑफिसातून बाहेर आले. आता, त्या काळात ट्यूब ही काही साधी वस्तू नव्हती. चपलेचे पट्टे, कावडीच्या पट्ट्या सगळं ट्यूबचं. मुख्य म्हणजे पोहरा. विहिरी इतक्या आटल्या होत्या की बादली खडकावर आपटून फुटायची, म्हणून लोक ट्यूबच्या रबराचा पोहरा करून पाणी शेंदायचे. कुणाच्या घरी नवी ट्यूब गेली म्हणजे त्या घरचं पाणी सुधारलं असं समजा. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या तासाभरात इथं कोण होतं?"

"मीच," मी म्हणालो.

"पिशवी दाखव."

पिशवीत भाकरीचं फडकं होतं. तेवढ्यानं झालं नाही. त्यांनी शिपायाला सायकलवर माझ्या घरी पाठवलं. घर म्हणजे गावाच्या कडेला आमची गल्ली, सगळी बौद्ध वस्ती, दुष्काळी कामावर जाणारी आणि एखाददुसरा माझ्यासारखा पगारी. मी म्हणालो, "साहेब, मी जागचा हाललो न्हाय. चाकाची ट्यूब घरी उडत गेली का?" ते म्हणाले, "जास्त बोलू नको." मी तोंड मिटलं. ते मिटलं याची मला आजही लाज वाटते, कारण झडती माझी नव्हती, आईची होती.

शिपाई येईपर्यंत मला हलू दिलं नाही. मी त्या चाकापाशी उकिडवा बसून राहिलो. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून टायरच्या आतून हात फिरवत बसलो. आणि फिरवता फिरवता थांबलो. बोटं काळी होती, पण पांढरी झाली नव्हती.

हे बाहेरच्याला कळायचं नाही. टायरात ट्यूब घालताना आम्ही आतून पांढरी पावडर मारायचो, म्हणजे उन्हात ट्यूब टायरला चिकटत नाही. ज्या टायरात एकदा ट्यूब राहिली, त्याच्या पोटात ती पावडर सापडणारच. हा टायर आतून स्वच्छ, तकतकीत होता. मग मी वॉल्व्हचं बूड निरखून बघितलं. कापलेल्या रबराची कड खरखरीत असते. हे बूड गोल, गुळगुळीत, साच्यातून निघाल्यासारखं होतं. कुणी काही कापलेलंच नव्हतं.

तेवढ्यात चाचा आले. मी त्यांचा हात धरून टायरात घातला. त्यांनी बोट बाहेर काढलं, बघितलं, चोळलं.

"पावडर नै," ते म्हणाले. "इसमें ट्यूब थाच नै कभी."

साहेब म्हणाले, "चाचा, तुम्ही त्याची बाजू घेणारच."

तेवढ्यात शिपायाची सायकल फाटकात आली. तो साहेबांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाला, "काई निघालं न्हाय, साहेब. एक पोहरा हाय, पर त्याला अकरा ठिगळं हायती." हे त्यानं हळू सांगितलं, फक्त साहेबांना. घरी त्यानं कणगीत हात घातला होता, पेटी उपडी केली होती, बुद्धाच्या तसबिरीमागं डोकावून बघितलं होतं. गाडीची ट्यूब तसबिरीमागं कशी मावेल ते तोच जाणे. आणि ते सगळं त्यानं हळू केलं नव्हतं. गल्ली दारात उभी राहून बघत होती.

माझं डोकं फिरलं. मी बाजीरावला म्हणालो, "स्टेपनीचं कुलूप काढा."

"का?"

"तिला कुलूप हाय. किल्ली तुमच्या कमरंला. हवा टच्च भरलीय. मी तिला हात लावलेला न्हाय हे तर मान्य? खोलू. तिच्यात ट्यूब निघाली तर मी चोर. आत्ता पोलिसात द्या. न्हाय निघाली तर समद्यांनी गप बसायचं."

साहेबांनी मान हलवली. बाजीरावनं किल्ली काढली. चाचा माझ्या कानाशी पुटपुटले, "हल्लू, बेटा." पण माझ्या हातात तेव्हा टॉमी नव्हती, झडतीचं उत्तर होतं. हवा सोडली आणि अशी जोरात टॉमी खुपसली की रबर करकरलं. कड सुटली. मी टायर उचलून साहेबांच्या पुढं धरला.

आत काही नव्हतं. तेच तकतकीत रबर, तोच गुळगुळीत वॉल्व्ह.

बाजीराव एकदा स्टेपनीत बघायचा, एकदा गाडीच्या उरलेल्या तीन चाकांकडं. शेवटी तो म्हणाला, "म्हंजी आठ दिस म्या बिनट्यूबची गाडी हाकायलोय?" आणि इतका घाबरला की गाडीपासून दोन पावलं मागं सरकला. चाचांना हसू आवरेना. साहेब म्हणाले, "बरं, कामाला लागा," आणि ऑफिसात निघून गेले. माफीबिफी काही नाही. मलाही तेव्हा तिची आठवण झाली नाही, कारण मी जिंकलो होतो.

माझं जिंकणं साधारण पाच मिनिटं टिकलं. मग ध्यानात आलं की एक चाक पंक्चर होतं, तिथं आता दोन चाकं मोकळी पडली आहेत आणि दोन्हीत घालायला काहीच नाही. काट्याचं भोक आतून घासून ठिगळ लावलं, ते सोपं होतं. टायर रिमवर चढवला, कंप्रेसर लावला. हवा इकडून आत, तिकडून बाहेर. टायर सैल, कडा रिमपासून बोटभर लांब, कोंडायला हवेला जागाच नाही. साबणाचं पाणी लावलं, टायर आपटला, त्याच्यावर उभा राहिलो, चाचांनी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. कंप्रेसर नुसता धापा टाकत होता.

बाजीराव डोक्याला हात लावून बसला. "लोक सकाळपासून घागरी घिऊन मशीनपाशी बसल्यात. दर खेपंला दीड कोसावरून पाणी आणत्यात ती. तेंनला काय सांगू, चाकातली चोरी बघत बसलो हुतो?"

चाचा म्हणाले, "ये बाजू बाहर आना मंगता. रिम को चिपकना मंगता. टायर का पेट कैसा दबाना?"

पेट दाबायचं म्हटल्यावर बाजीराव उठला. कडब्याच्या डेपोत गाड्या उभ्या होत्या. त्यानं एका गाडीचा नाडा सोडून आणला. नाडा म्हणजे जाड दोर. कडब्याची गाडी भरली की तिच्यावरून नाडा टाकतात आणि दांडक्यानं पीळ देत आवळतात. बाजीरावचं बालपण अशा गाड्या आवळण्यात गेलं होतं. त्यानं टायरच्या मधोमध, रस्त्याला टेकतो त्या भागावरून, नाड्याचा वेढा दिला, दांडकं अडकवलं आणि म्हणाला, "धर तिकडून."

मी धरलं. तासाभरापूर्वी मला चोर म्हणणारा माणूस आणि मी, दोघं मिळून टायरला पीळ देत होतो. टायरचं पोट आत गेलं तशा कडा दोन्हीकडं फुगल्या आणि रिमला टेकल्या. चाचांनी वॉल्व्हच्या आतली पिन काढून टाकली, म्हणजे हवा एकदम घुसेल. कंप्रेसर सोडला. टायर फुगू लागला आणि एकाएकी फाट! पाठोपाठ दुसरा फाट! दोन्ही कडा जाग्यावर बसल्या. आम्ही तिघंही जमिनीवर आडवे. ऑफिसातून साहेबांचा कप फुटल्याचा आवाज आला. तो आवाज मला फार गोड लागला.

दुसरं चाकही तसंच बसवलं. पंक्चर काढलेल्या चाकावर बाजीरावचा भरवसा नव्हता. त्यानं ते मागं टांगलं आणि स्टेपनी गाडीला लावली. जाताना गाडी सुरू ठेवून तो म्हणाला, "तुला बोललो ते मनात धरू नगंस." मी म्हणालो, "जावा लवकर. लोक बसल्यात."

चार दिवसांनी तो परत आला. त्या गावाला पाणी लागलं होतं. बाजीराव सांगत होता, गढूळ फवारा उडाला तशा बायका पातळासकट त्याच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. सांगताना त्याचे डोळे भरून आले. मग म्हणाला, "पर हे डावं मागलं चाक हवा धरंना. चार दिसाला उतरतंय."

मी चाकापाशी बसलो. कडेला साबणाचं पाणी लावलं. एका जागी बारीक बुडबुडे येत होते. ती जागा कुठली ते मला बघताक्षणी कळलं. स्टेपनी खोलताना मी रागात टॉमी खुपसली होती, रबर करकरलं होतं, ती ही जागा.

मी वर बघितलं आणि म्हणालो, "रिम गंजली असंल."

लिहिताना लाज वाटते. पण ताजा ताजा निर्दोष ठरलेला माणूस होतो मी. पुन्हा कुणी माझ्या हातात काही वावगं शोधावं हे मला सहन होणार नव्हतं. त्यामुळं पुढचा महिनाभर बाजीराव चार-पाच दिवसांनी यायचा, मी रिमचा दोष काढायचो, त्याच्याच हातात तारेचा ब्रश द्यायचो आणि तो भला माणूस रिमची बाहेरची कड घासत बसायचा. मग मी हवा भरायचो. अशा फेऱ्यांत आमची दोस्ती झाली. चाचा हे सगळं बघायचे. फक्त एकदा म्हणाले, "रिम बहोत चमक गई, नै?"

घरी वेगळीच गोष्ट चालू होती. आईनं झडतीबद्दल मला एक शब्द विचारला नाही. मी सगळं सांगितलं, ट्यूब मुळात नव्हतीच हेही सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. पर गल्लीला कोण सांगंल? मी सांगितलं तर आई सांगतीय म्हणतील." काही दिवसांनी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. शेजारची धोंडाबाई आणि आई बरोबरीनं पाण्याला जायच्या. धोंडाबाईचा पोहरा कायम विहिरीच्या काठावर पडलेला असायचा, ज्याला लागेल त्यानं वापरावा. झडतीच्या दुसऱ्या दिवसापासून ती पाणी शेंदून झालं की पोहरा उचलून घरी न्यायला लागली. बोलणंचालणं तसंच होतं, हसणं तसंच. पोहरा तेवढा घरात. आईनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि चुलीकडं वळली.

मग एक दिवस बोअरचं मशीन आमच्याच गल्लीत आलं. विहिरीनं तळ गाठला होता, अर्ज-विनंत्या करून नंबर लागला होता. सगळी गल्ली मशीनभोवती गोळा झाली. मी रजा टाकून घरीच थांबलो होतो. मशीनच्या मागं बाजीरावची गाडी आली. मला बघून त्यानं लांबूनच हाळी दिली, "हवा उतरलीय रं!"

आई पुढं झाली. गाडीभोवती एक फेरी मारली आणि बाजीरावला विचारलं, "हीच का ती गाडी, बाबा? हिच्यापायी माझं घर उचकटलं?"

बाजीरावचा चेहरा पडला. त्याला झडतीचं माहीत होतं, पण आईला तो पहिल्यांदाच बघत होता. "व्हय, मावशी," तो म्हणाला. "माझ्याच तोंडानं झालं ते."

"मग एक चाक उघडा. हितं. समद्यांम्होरं."

"मावशी, आता त्येची काय गरज..."

"झडती समद्यांम्होरं झाली की न्हाय? मग ह्येबी समद्यांला बघू द्या."

बाजीरावनं माझ्याकडं बघितलं. बिट बदलायचं होतं म्हणून मशीन थांबलेलंच होतं, आणि त्याचा कंप्रेसर म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या कंप्रेसरचा आजोबा. हवेची काळजी नव्हती. तो म्हणाला, "उतरलेलंच खोल मग." म्हणजे तेच चाक.

मी खोललं. या वेळी हळू, चाचांनी शिकवल्यासारखं, टॉमीखाली गोणपाटाची घडी ठेवून. आईनं पहिली धोंडाबाईला पुढं केलं. "बघ बाई." धोंडाबाईनं वाकून बघितलं, हात घातला, फिरवला. मग तिची सून, मग म्हातारी माणसं, मग सगळी गल्ली एकेक करून चाकात डोकावून गेली. कुणी म्हणालं, "आरं, खरंच काय न्हाय की!" बाजीराव उभा राहून मोठ्यानं सांगत होता, "असल्या चाकात ट्यूब नसतीच. चूक माझी हुती. ह्या पोराची न्हाय." माझी छाती फुगली होती. आणि तेवढ्यात सगळ्यांत शेवटी आईनं टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. वर्षभर खडी फोडलेली बोटं तिची, त्यांना बारीकसारीक लगेच कळायचं.

"हितं काय हाय रं?" ती म्हणाली. "कुरतडल्यागत लागायलंय."

सगळी गल्ली परत वाकली. 'कंपनीतूनच तसं आलंय' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. पण आई माझ्याकडं बघत होती.

"माझी टॉमी लागलीय," मी म्हणालो. "त्या दिवशी. रागात खोलला म्हणून. हवा त्यातून जातीय. रिमचा काई दोष न्हाय."

बाजीरावला समजायला थोडा वेळ लागला. "आन् म्या महिनाभर रिम घासायलोय?" तो ओरडला. "हातात ब्रश देत हुतास की रं मला! दर खेपंला!" तो खरंच चिडला होता. पण धोंडाबाईला त्याचं ते आडवं अंग ब्रश घेऊन रिमपाशी बसलेलं डोळ्यांपुढं आलं असावं. ती फिसकन हसली, मग सून हसली, मग सगळी गल्ली. शेवटी बाजीरावच्या मिशाही हलायला लागल्या.

आई हसली नाही. "सांगितलं का न्हाईस?" तिनं विचारलं.

"एकदा चोर ठरलो हुतो," मी म्हणालो. "परत काय निघालं असतं तर..."

"आता निघालं न्हवं? दुरुस्त कर."

पॉलिश पेपरनं मी तो ओरखडा गुळगुळीत होईस्तोवर घासला. त्याच्यावर रबराचं सोल्युशन लावलं, वाळू दिलं, परत लावलं. असं तीनदा. घाई केली नाही. टायर चढवला, बाजीरावनं गाडीतून नाडा काढला, त्या दिवसापासून तो नाडा गाडीतच ठेवायचा, आणि आम्ही दोघांनी पीळ भरला. मी ओरडून सांगितलं, "मोठा आवाज होईल, लांब व्हा!" फाट! फाट! कोंबड्या घरांच्या आढ्यावर गेल्या, म्हातारे खाली बसले. आई जागची हलली नाही.

मग मी साबणाचं पाणी केलं आणि चाक आडवं टाकून कडेवर सगळीकडून ओतलं. कुठं बुडबुडा येतो का, बघायचं होतं. "समदे बघा," आई म्हणाली. सगळी गल्ली त्या चाकाभोवती उकिडवी बसली. पाणी कडेवर पसरलं, उन्हात चमकलं, थांबलं. धोंडाबाई तर नाक टेकेल इतकी वाकली होती. तिनं एक बाजू बघितली, उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बघितली आणि मग कंबर सरळ करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "न्हाय. काई निघत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर विहिरीवर गेलो. बोअरला पाणी लागलं होतं, पण त्याला अजून हापसा बसायचा होता. धोंडाबाई पाणी घेऊन केव्हाच घरी गेली होती. तिचा पोहरा काठावर पडलेला होता, अजून ओला. आईनं आपला अकरा ठिगळांचा पोहरा खाली ठेवला, धोंडाबाईचा उचलला आणि विहिरीत सोडला.